घरातली मांजर सुस्त पडते तेव्हा

वस्तीतल्या बहुतेक घरांत मांजर कुणी विकत आणलेली नसते. ती येते. पावसाळ्यात पत्र्यावर ओरडत बसलेले पिल्लू मुले उचलून आणतात, आई आधी रागावते, मग बशीत थोडे काहीतरी घालते आणि आठवड्याभरात ती घरची होऊन जाते. अशा मांजरीला व्यायाम हवा का, हा प्रश्न आजवर आपल्याला पडला नव्हता. या पत्र्यावरून त्या पत्र्यावर, गल्लीतून नाल्यापर्यंत आणि परत पोटमाळ्यावर, हे तिचे दिवसभर चालूच असे.

आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. पुष्कळ कुटुंबे वस्तीतून एसआरएच्या इमारतीत गेली आहेत आणि जात आहेत. २२५, २६९ नाहीतर ३०० चौरस फुटांचे घर, सातवा किंवा चौदावा मजला, आणि दार कायम लावलेले. जे खालीच राहतात त्यांनीही गाड्या, कुत्री आणि उंदराचे औषध यांच्या भीतीने मांजरीला घरात ठेवायला सुरुवात केली आहे. ही भीती खरी आहे. मांजर घरात ठेवली म्हणजे तिच्यावर अन्याय केला असे आम्हाला वाटत नाही. घरातली मांजर सहसा जास्त वर्षे जगते. पण तिच्या अंगातली पळापळ कुठे जाणार? ती एक तर रात्री दोन वाजता भांड्यांच्या फळीवर निघते, नाहीतर चरबी होऊन पोटाला चिकटते. दोन्हींचा त्रास शेवटी घरालाच होतो. म्हणून या वेळच्या आरोग्य सदरात मांजरीबद्दल लिहीत आहोत.

तिचे अंग कशासाठी बनले आहे

आपली पाळीव मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातली. हा प्राणी एकट्याने शिकार करतो आणि छोटी शिकार करतो. एका लहान उंदरातून त्याला साधारण ३० कॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजरीला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात. म्हणजे दिवसाला सात-आठ उंदीर हवेत. प्रत्येक झडप काही लागत नाही, म्हणून त्यासाठी तिला कितीतरी वेळा दबा धरावा लागतो, उडी मारावी लागते आणि हात हलवत परत यावे लागते. हे सारे मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला. मधला वेळ झोप.

यावरून दोन गोष्टी कळतात. मांजर दिवसाला बारा ते सोळा तास झोपली तर ती आळशी नाही, तो तिचा धर्मच आहे. आणि तिला कुत्र्यासारखी लांब फेरी नको असते, हवी असते ती थोड्या वेळाची पण अंग झोकून केलेली धावपळ, आणि तीही पुन्हा पुन्हा. आठवड्यातून एकदा रविवारी तासभर तिच्यामागे लागण्यापेक्षा रोज दोन-तीन वेळा पाच ते दहा मिनिटे खेळवणे जास्त उपयोगाचे. एवढा वेळ आपल्याकडे असतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ पुरतो.

जाड आहे की नाही

डोळ्यांनी पाहून चटकन कळत नाही, कारण केस फसवतात. हाताने पाहा. आपला तळहात खाली करून पालथा पसरा आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच्या पाठीवरून फिरवा. हलक्या स्पर्शाने हाडे जशी लागतात, तशा मांजरीच्या फासळ्या लागल्या तर ती ठीक आहे. मूठ आवळल्यावर वरचे सांधे जसे टोचतात तशा लागल्या तर ती बारीक आहे. आणि तळव्याच्या अंगठ्याखालच्या मऊ भागासारखे लागले, हाडाचा पत्ताच नाही, तर वजन वाढले आहे. वरून पाहिले तर फासळ्यांच्या मागे तिची कंबर किंचित आत गेलेली दिसली पाहिजे. मागच्या पायांच्या मध्ये पोटाला लोंबणारी सैल कातडी असते, ती पुष्कळ मांजरींना असतेच. तिला चरबी समजू नये.

वजन करायचे असेल तर माणसाच्या काट्यावर आधी मांजर घेऊन उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. लहान फरक पाहायचा तर ओळखीच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर तिला पिशवीत घालून ठेवता येते. तो हसेल, पण करून देईल. आपल्याकडची गावठी मांजर साधारण तीन ते साडेचार किलोची असते. बोका थोडा जास्त. सहा किलोच्या मांजरीला ‘काय गुबगुबीत आहे’ म्हणून शेजारीपाजारी कौतुक करतात, पण पन्नास किलोच्या बाईचे वजन पंचाहत्तर व्हावे तसे ते आहे. मधुमेह, सांधेदुखी, लघवीचे आजार हे त्याच वाटेने येतात.

नसबंदी केलेल्या मांजरीकडे आणखी लक्ष हवे. नसबंदी करावीच, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्यानंतर तिच्या अंगाची गरज साधारण पाव हिश्श्याने कमी होते आणि भूक मात्र वाढते. ऑपरेशन झाले म्हणून लाडाने जास्त घालणे हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. टाके सुकले की खाणे मोजून द्यावे आणि खेळ वाढवावा.

खेळवायचे कसे

दुकानात मांजरीची खेळणी मिळतात, दोनशे-तीनशे रुपयांना पिसांची काठी. त्याची काही गरज नाही. हातभर लांब काठी किंवा जुन्या झाडूचा दांडा घ्या, त्याला ओढणीची चिंधी किंवा जुना मोजा पक्का बांधा. झाले. वर्तमानपत्राचा चुरगळलेला गोळा, बाटलीचे मोठे झाकण, मुलांचा प्लास्टिकचा हलका चेंडू, हे सारे चालते. किराण्याचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका म्हणजे तिच्या दृष्टीने वाडा. त्याला दोन बाजूंनी भोके पाडली की ती आत दबा धरून बसते आणि बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक पायावर झडप घालते.

वस्तू कोणती आहे यापेक्षा ती हलते कशी, हे महत्त्वाचे. पुष्कळ जण चिंधी मांजरीच्या तोंडावर नाचवतात आणि ‘ही खेळतच नाही’ म्हणतात. कोणता उंदीर मांजरीच्या तोंडात स्वतःहून येतो? चिंधी तिच्यापासून दूर पळाली पाहिजे. भिंतीच्या कडेने सरकवा, चटईखाली अर्धी लपवा, थांबा. थांबणे फार महत्त्वाचे. मांजरीचे डोळे हालचाल फार चटकन पकडतात, पण नाकासमोर वीतभर अंतरावरची वस्तू तिला नीट दिसत नाही. म्हणून चिंधी दोन-तीन हात लांब ठेवा. तिचे मागचे ढुंगण डुलायला लागले, बुबुळे मोठी झाली की समजा ती आता उडी मारणार. मारू द्या. चार वेळा हुकू द्या, पाचव्या वेळेला पकडू द्या. एकदाही पकडता आले नाही तर ती चिडते आणि खेळ सोडून देते. मोबाईलच्या दुकानात मिळणाऱ्या लेझरच्या लाल ठिपक्याबद्दल हीच अडचण आहे. तो कधीच हाती लागत नाही. वापरलाच तर शेवटी ठिपका खाऊच्या तुकड्यावर नेऊन थांबवा, आणि मुलांच्या किंवा मांजरीच्या डोळ्यांत तो पडू देऊ नका.

एकाच खेळण्याला ती काही मिनिटांत कंटाळते. त्याचा अर्थ ती दमली असा नाही. दुसरी वस्तू काढा, पुन्हा सुरू होते. चार-पाच गोष्टी करून ठेवा आणि दोन बाहेर, बाकीच्या डब्यात, अशा फिरवत राहा. जेवणाच्या आधी, पोट रिकामे असताना ती जास्त जोमाने खेळते हेही लक्षात ठेवा.

उंचीही द्या. आपल्या घरांत जमीन कमी, पण भिंत आहे. पोटमाळ्यावर जायला एक-दोन फळ्या पायरीसारख्या ठोकल्या, किंवा कपाटावर जुने गोणपाट अंथरले तरी दिवसातून वीस वेळा वर-खाली होते. फळी हलता कामा नये. एकदा हललेल्या फळीवर ती परत जात नाही. टेबलाच्या किंवा पलंगाच्या पायाला गोणपाट घट्ट गुंडाळून सुतळीने आवळा आणि सुतळीची टोके आत खोचा. तिथे ती नखे घासते, पाठ ताणते. अंग पूर्ण लांब करता यावे म्हणून हे गोणपाट अडीच-तीन फूट उंच हवे. दाराच्या पडद्याचे हाल कमी होतात ते वेगळेच.

रात्रीचा दंगा

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपलेली, त्यात एक पहाटे पाचच्या ड्युटीला जाणारा. अशा घरात मांजर रात्री उड्या मारू लागली की ती बाहेर फेकली जाण्याची वेळ येते. आम्हाला वाटते, निम्म्या मांजरी याच कारणाने घराबाहेर होत असतील. उपाय सोपा आहे. मांजरीचा क्रम ठरलेला असतो: शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप. आपल्या जेवणानंतर, अंथरुणे घालण्याआधी तिला दहा मिनिटे चांगली दमवा, लगेच तिचे रात्रीचे खाणे द्या, आणि दिवा बंद करा. आठ-दहा दिवस नेमाने केले की बहुतेक मांजरी लागतात वळणाला. मात्र रात्री ती ओरडली म्हणून उठून खायला देऊ नका. एकदा दिले की रोज त्याच वेळेला ती उठवणार.

खाण्यातून धावपळ

बशी भरून ठेवली की मांजरीचे काम संपले. त्यापेक्षा खाणे थोडे कमवू द्या. कोरडे दाणे देत असाल तर प्लास्टिकच्या बाटलीला दाण्यापेक्षा थोडी मोठी भोके पाडा, कडा मेणबत्तीवर बोथट करा, दाणे भरून झाकण लावा. ती बाटली ढकलत फिरते आणि एक-एक दाणा काढते. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे अंड्याच्या रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत ठेवता येतात, किंवा घरात चार ठिकाणी थोडे-थोडे, एखादे फळीवर, एखादे खोक्यात. मासळीचे तुकडेही चालतात, काटे काढून. दिवसाचे खाणे तेवढेच, फक्त वाटे जास्त.

खाण्याबद्दल इथे थोडक्यात एवढेच. मांजर मांसाहारी प्राणी आहे, दूध-भाकरीवर ती जगते पण धडधाकट राहत नाही. मोठ्या मांजरींपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, हगवण लागते. आपल्या रश्शातला कांदा-लसूण तिच्या रक्ताला घातक आहे, म्हणून कालवणातला तुकडा धुऊनही देऊ नये, तिचा वाटा मसाला घालण्याआधीच बाजूला काढावा. सुकट, बोंबील खारवलेले असतात. रोज नकोत. शिजवलेली हाडे तर कधीच नकोत.

जाड मांजरीला उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका, हे ठळक लिहून ठेवतो. दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तर जाड मांजरीच्या यकृतात चरबी साचते आणि त्यात ती दगावू शकते. वजन आठवड्याला साधारण शंभराला एक या प्रमाणात उतरावे. सहा किलोच्या मांजरीचे आठवड्याला ६० ग्रॅम, महिन्याला पाव किलो. त्यापेक्षा घाई नको.

मग ती उंदीर धरायची थांबेल का?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि रास्त आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत रोज पाच ते दहा मिनिटे मांजरीला खेळवले गेले, त्या घरांत मांजरींनी आणलेली शिकार सुमारे पाव हिश्श्याने कमी झाली. भरपूर मांस असलेले खाणे दिले तेव्हा ती ३६ टक्क्यांनी घटली. म्हणजे खेळाने शिकार थोडी कमी होते, थांबत नाही.

पण मांजरीच्या भरवशावर उंदरांचा बंदोबस्त होतो, ही समजूतच तपासायला हवी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कचऱ्याच्या एका केंद्रात कॅमेरे लावून संशोधकांनी मोकाट मांजरी आणि मोठे उंदीर यांच्यावर नजर ठेवली होती. ७९ दिवसांत मांजरींनी मारलेले उंदीर निघाले दोन. मोठा उंदीर चावरा असतो, मांजर त्याच्या वाटेला जात नाही. आपल्या नाल्याकडच्या घुशी तर तिच्याहून फार लहान नसतात. मांजर घरात असली की चिचुंद्र्या आणि लहान उंदीर दबकून राहतात एवढे खरे. बाकी काम कचरा उचलण्याचे आणि बिळे बुजवण्याचे आहे, ते पालिकेकडून करून घ्यावे लागते. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते म्हणून तिला खायला न घालणे, हे तर क्रूर आणि निरुपयोगी दोन्ही.

आणि मांजर आडवी गेली म्हणून दोन पावले मागे सरणारे कुणी आपल्या गल्लीत अजून असतील, तर त्यांना मुलांनी विचारावे की आमची मांजर घरात दिवसातून पन्नास वेळा आडवी जाते, तिचा हिशोब कसा लावायचा.

हाताने खेळू नये

पिल्लू लहान असताना बोटांशी खेळवणे गोड वाटते. सहा महिन्यांनी तेच दात आणि नखे पक्की होतात आणि तिला मात्र हात म्हणजे शिकार हे शिकवून झालेले असते. पहिल्या दिवसापासून तिच्या आणि आपल्यामध्ये काठी किंवा चेंडू असावा. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर खेळताना मोठे माणूस जवळ हवे. शेपटी ओढलेल्या मांजरीने ओरबाडले तर दोष तिचा नसतो.

ओरबाडले किंवा चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात दाखवा. रेबीज मांजरीमुळेही होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. मांजरीलाही दरवर्षी रेबीजची लस द्या. घरातून कधीच बाहेर न पडणारी असली तरी.

या गोष्टींपासून जपा

आपल्यातल्या किती तरी बहिणी घरी शिलाईचे, मण्यांचे, गजऱ्याचे काम करतात. मांजरीला दोरा फार आवडतो आणि तिची जीभ खरखरीत असल्याने तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आत आतच जातो. एक टोक जिभेखाली अडकते, दुसरे आतड्यात, आणि आतडे नाडी ओढल्यासारखे गोळा होते. ऑपरेशनशिवाय सुटका नसते. म्हणून दोरा, सुतळी, रबरबँड, मांजा, चमकी काम उरकले की डब्यात बंद. काठीला बांधलेली चिंधीही खेळ झाल्यावर उचलून ठेवा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका आणि कापूही नका, तसेच पशुवैद्याकडे न्या.

इमारतीत राहत असाल तर पहिले काम खिडकीचे. मांजर उंचावरून पडली तरी पायांवर पडते आणि तिला काही होत नाही, असे सर्रास बोलले जाते. १९८७ साली न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयाने इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरींची माहिती प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी दहात नऊ वाचल्या. पण छाती, जबडा, पाय यांना मोठा मार होता, आणि तो उपचार होता. आपल्याला तो खर्च झेपेल का हे पाहा. ग्रिलच्या ज्या फटीतून तिचे डोके जाते त्यातून ती सगळी जाते. डासांची पातळ जाळी तिच्या नखांपुढे टिकत नाही, तारेची जाळी ग्रिलला आतून बांधून घ्या. पाखराच्या मागे धावताना तिला मजला आठवत नाही.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी खेळवू नका. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. खेळताना मांजर कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकू लागली तर लगेच थांबा. पंख्याखाली ठेवून पाणी द्या. थोड्या वेळात श्वास ताळ्यावर आला नाही, किंवा थोडक्याशा खेळातही असे वारंवार होत असेल, तर छाती तपासून घ्यायला हवी.

दहा-बारा वर्षांची म्हातारी मांजर उडी मारायची थांबली की घरचे म्हणतात, वय झाले. बहुतेक वेळा सांधे दुखत असतात आणि मांजर दुखणे लपवते. फळीच्या आधी एक ठोकळा ठेवा म्हणजे ती दोन टप्प्यांत चढेल, खेळ जमिनीवरच आणि हळू ठेवा, पण बंद करू नका. मात्र दुखते म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नये. एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेते.

शेवटी बोका पाळणाऱ्यांसाठी. घरात बसून जाड झालेल्या, पाणी कमी पिणाऱ्या बोक्याची लघवी अडकू शकते. तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो आणि थेंबच पडतो किंवा तोही नाही. घरचे समजतात बद्धकोष्ठ झाले. तेल, दूध पाजत एक-दोन दिवस गेले की बोका जातो. असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल आपल्याला माहीत आहेच, इतर ठिकाणी जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो कोठे आहे आणि किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे आजच विचारून दाराच्या मागे लिहून ठेवा. नेताना झाकणाला भोके पाडलेला खोका किंवा बंद होणारी भाजीची टोपली घ्या, नुसती काखेत घेऊन रिक्षात बसू नका.